पाठीवर सरकलेला बांध

"बांध सरकलाय!" ताठ्यानं कुदळ आपटली. "परत माझ्या रानात आलास?"

पलीकडं त्याचा चुलतभाऊ बुटक्या ढेकळं फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "बांधाचं राहू दे, दादा. तुझ्या पाठीवरचा तीळ सरकलाय."

ऊन असं, की सरडासुद्धा दगडावर पाय बदलत उभा होता. ताठ्या मात्र उघडाबंब. सदरा घालून शेतात राबणं म्हणजे छत्री धरून पोहणं, असं त्याचं ठाम मत.

"विषय बदलू नको!"

"गेल्या पेरणीला मोहरीएवढा होता, आता वाटाण्याएवढा झालाय. कड तर अशी वाकडी, जशी तूच नांगरलीस. एकीकडं काळा, एकीकडं तांबडा."

"माझ्या पाठीकडं बघतोस कशाला?"

"जन्मभर पाठ फिरवून भांडतोस. दुसरं काय बघू?"

भाकरी घेऊन आलेल्या ताठ्याच्या बायकोनं हे ऐकलं. ती जास्त बोलायची नाही. मेंढ्यांवर खूण करायचा रंग आणला आणि नवऱ्याच्या तिळाभोवती काडीनं रेघ ओढली. "खुरपणीपर्यंत रेघ ओलांडली, तर डॉक्टर. नाही ओलांडली, तर बांध तुम्ही म्हणाल तिथं, भाऊजी गप्प."

झालं! गावाला दुसरं कामच उरलं नाही. येणारा-जाणारा ताठ्याला पाठमोरा उभा करून तीळ बघू लागला. मग प्रत्येकाला आपल्या पाठीची शंका आली. सुताराच्या पाठीवर न्हावी, न्हाव्याच्या पाठीवर शिंपी, अशी डोकावणाऱ्यांची रांग पार विहिरीपर्यंत गेली म्हणतात.

ताठ्यानं चोरून झाडाच्या खोडाला म्हशीसारखी पाठ घासली. साल निघाली, झाडाची! रंग ढिम्म.

खुरपणी आली. पंच म्हणून बसवलेल्या न्हाव्यानं पाठ बघितली. "ओलांडली की!"

"तीळ नाही वाढला," ताठ्या ओरडला, "रेघ आटली!"

बायकोनं त्याला बैलगाडीत घातला.

कातडीची डॉक्टरीण रेघ बघून आधी हसली, मग कडाडली. "काका, तीळ वाढतोय, कड वाकडी, रंग दोन, हे दिसलं त्याच दिवशी यायचं. मेंढीसारखी खूण करून वाट कसली बघता?" तीळ वाईट निघाला, पण मुळं खोल गेली नव्हती. तिनं तो कापला, सभोवतालची थोडी चांगली कातडीही घेतली. "आता अंगभर सदरा, रुंद काठाची टोपी, भर दुपारी सावली. आणि दर महिन्याला बायकोकडून पाठ तपासून घ्या."

टाके निघाल्यावर ताठ्या सदरा-टोपीत बुजगावण्यासारखा बांधावर आला.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" बुटक्यानं विचारलं.

"म्हणाली, थोडं थोडं सरकतं ते ज्याचं त्याला दिसत नाही. शेजाऱ्याला दिसतं."

बोलून गेला आणि जीभ चावली. बुटक्या नुसता बांधाकडं बघत बसला.

ताठ्यानंही बघितलं. आपल्याच नांगराचे ओरखडे बांधाच्या पोटात पार पलीकडं गेलेले. बराच वेळ त्यानं टोपी खालीवर केली. मग खाली वाकला आणि हद्दीचा दगड आपल्या रानात वीतभर मागं ओढला.

"झालं समाधान?"

"झालं," बुटक्या म्हणाला. "पण दादा, सभोवतालचं थोडं चांगलंही काढतात ना?"

ताठ्यानं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. आणि दगड आणखी चार बोटं मागं ओढला.