घरचं माणूस लागतं

लिनेट डाबरेला हाडांची भीती कधीच वाटली नाही. वसईकडच्या तिच्या गावात हाडं हा काही लपवायचा विषय नव्हता. चर्चमागची दफनभूमी एवढीशी, आणि मरणारे थांबत नाहीत. तेव्हा काही वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं काढायची आणि जागा नव्या माणसाला द्यायची, ही तिथली रीत. ज्यांना जमेल ते हाडं पांढऱ्या कापडात घेऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवत, वर नावाची पाटी लावत. बाकीची हाडं कोपऱ्यातल्या कोरड्या विहिरीत जात. लहानपणी ती त्या विहिरीच्या कठड्यावरून आत वाकायची आणि तिचे वडील मॅक्सिम मागून तिचा फ्रॉक धरून म्हणायचे, "बघ पोरी, शेवटी सगळ्यांची विहीर एकच."

पोरगी पुढे हाडांचीच डॉक्टर झाली. जिवंत माणसांच्या नव्हे, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या. आणि ज्या ओमानमध्ये मॅक्सिमने उभा जन्म लोकांचे एसी दुरुस्त करण्यात घालवला, त्याच ओमानमध्ये तिला काम मिळालं. मॅक्सिम पाच वर्षांपूर्वी मस्कतमध्येच वारले. पेटी विमानाने गावी गेली, मातीही गावचीच मिळाली. तेव्हापासून लिनेटची आई अँजेला मस्कतच्या वादी अदाई भागातल्या फ्लॅटमध्ये लेकीजवळ राहत होती.

त्या वर्षी हिवाळ्यात लिनेटचं काम मस्कतबाहेरच्या बरका गावाहून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याशी चाललं होतं. तिथून नवा रस्ता जाणार होता आणि रस्त्याच्या आड चार हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आलं होतं. गोल, घडीव दगडांचं, एकाच थडग्यात पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं. आत मणी होते, तांब्याची भांडी होती. थडग्याला लागूनच एक खड्डा निघाला. त्यात नुसती हाडंच हाडं. ना मणी, ना भांडं.

उत्खननाच्या प्रमुख होत्या डॉ. रहमा. बाई ओमानी, बोलणं मोजकं. त्यांनी तरुणपणी सायप्रस बेटावरची जुनी थडगी अभ्यासली होती. तिथे सोन्यासकट पुरलेली मोठ्या घरांतली माणसं त्यांना भेटली, पण ज्यांनी त्या बेटाचं तांबं खणून काढलं ती माणसं शेवटी कुठे गेली, याचा पत्ता लागेना. तेव्हापासून प्रत्येक थडग्यापाशी त्यांचा एकच प्रश्न असे. "आत कोण आहे हे सगळेच विचारतात," त्या म्हणत. "आत कोणाला घेतलं नाही, ते सांगा." खड्डा पाहिल्यावर त्यांना वाटलं, हेच ते आत न घेतलेले.

लिनेटने ते पहिल्याच आठवड्यात उडवून लावलं. "नाही मॅडम. आत जागा हवी म्हणून जुन्यांना इथे हलवलंय. आमच्या गावात आजही हेच करतात. त्यात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. सगळे सारखे." हाडं अस्ताव्यस्त पडली होती, त्याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं: वरच्या दगडमातीच्या भाराने सरकली. ती इतक्या ठामपणे बोलली, की रहमाबाईंनीही पहिल्या अहवालात तसंच घातलं. आपलं गाव म्हणजेच जग, हा रोग अडाणी माणसालाच होतो असं कोणी समजू नये. पदव्या घेतलेल्यांना तो झाला तर बराही होत नाही लवकर.

मग एका शुक्रवारी सकाळी गावाहून रसेलचा फोन आला. रसेल म्हणजे मॅक्सिमचा पुतण्या, घर आणि वाडी सांभाळणारा.

"लिनेट, अंकलच्या कबरीचा नंबर लागलाय. पुढच्या शनिवारी उघडणार. घरचं माणूस लागतं, तुला माहीत आहे. मी उभा राहिलो असतो गं, पण लिंडाला दिवस गेलेत."

पोटुशी बाई घरात असली की त्या घरात राहणाऱ्या माणसाने हाडांना हात लावायचा नाही, हे गावात सगळे पाळत. रसेल कॉम्प्युटरवाला होता, तरी पाळत होता.

"कोनाडा?" लिनेटने विचारलं.

"झालं सगळं. भिंतीत जागा मिळाली, पाटीपण तयार आहे. फक्त कोणीतरी या."

लिनेटने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आली. अँजेला ओट्यापाशी सुरमई कापत होती. लिनेटने तिला सगळं सांगितलं आणि आपली अडचणही सांगितली. शनिवारनंतर लगेच जागा रस्तावाल्यांच्या ताब्यात जाणार होती आणि खड्डा अजून अर्धा भरलेला होता. ती निघून गेली तर मागे ते काम करणारं कोणी नव्हतं.

"कोणाला तरी उभं करू आपण," ती म्हणाली. "आणि नाहीच जमलं तरी काय मम्मी, पप्पाच म्हणायचे ना, सगळ्यांची विहीर एकच."

अँजेलाने सुरी खाली ठेवली.

"एक नाहीय विहीर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझ्या आजोबांची कबर उघडली तेव्हा पप्पा इथे मस्कतला. पासपोर्ट अर्बाबकडे, मालकाकडे. अर्बाब म्हणाला, बाप मेला तेव्हा सोडलं होतं ना, आता परत कसला बाप? आणि तेव्हा माझ्या पोटात तू होतीस. मला कोण जाऊ देणार? आणि घरातल्या बाकीच्यांना तरी?"

"मग कोण गेलं?"

"कोणीच नाही. घरचं माणूस नाही म्हटल्यावर मजुरांनी घमेल्याने उचलून टाकलं. त्या दिवशी आणखी दोघं-तिघं बेवारशी होते, त्यांच्यातच. कोणाचं डोकं, कोणाचे पाय. बाजूला बंगलेवाल्यांच्या कबरी आहेत ना, मार्बलच्या? त्या कायमच्या घेतलेल्या. त्यांना कोण हात लावतंय?" अँजेलाने नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. "पप्पा वर्षाने सुट्टीवर आले. विहिरीपाशी जाऊन बसले ते जेवायलापण येईनात. घरी आले आणि म्हणाले, सगळ्यांची विहीर एकच. तेव्हापासून तेच म्हणायचे. मी कधी नाही म्हटलं नाही. त्यांना तेवढाच आधार होता."

जे वाक्य ती जन्मभर शहाणपण म्हणून मिरवत आली होती, ते एका माणसाने स्वतःची समजूत घालायला बनवलेलं होतं. तिला वडिलांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. फ्रॉक धरून उभे राहायचे तेव्हा ते विहिरीत कोणाला शोधत होते, हे एकदा तरी सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सुट्टी असूनही साइटवर गेली. मजुरांचा मुकादम हुसेन तिथेच तंबूत राहत असे. हा दाभोळचा माणूस, हात हलका, तोंड चालू.

"काय वो डॉक्टरबाय, आज पन? घरी मन लागत नाय काय?" त्याने विचारलं.

"खड्डा बघायचाय, हुसेनभाई."

ती खड्ड्यात उतरली आणि यावेळी गाव डोक्याबाहेर ठेवून बघू लागली. आतापर्यंत तिने खड्ड्यातली फक्त लांब हाडं मोजली होती. जबडे तळाशी होते, ते मागे ठेवले होते. आता एकेक जबडा ब्रशने मोकळा केला. थडग्यातल्या माणसांचे दात तिला पाठ होते: किडलेले, खोल भोकं पडलेले, कारण ती जन्मभर गोड खजूर खाऊन होती. खड्ड्यातल्यांच्या दातांना कीड नव्हती. ते झिजून सपाट झाले होते, आणि त्यांच्यावर आडव्या बारीक रेषा होत्या. लहानपणी पोटाला मिळालं नाही, की वाढता दात ती खूण कायमची धरून ठेवतो. खजुराच्या बागा यांनी शिंपल्या असतील, पण फळ यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

आणि हाडं सरकलेली नव्हती. ओतलेली होती. पाटी उपडी केली की जो ढीग पडतो, तसे ढीग. एका पुरुषाच्या खांद्याखाली कोणा लहान मुलाचा पंजा. हलवलेल्या माणसाला कोणी तरी ठेवतं. यांना कोणीही ठेवलेलं नव्हतं.

तिने तिथूनच रहमाबाईंना फोन केला. "मॅडम, मी चुकले. हे थडग्यातले जुने लोक नाहीत. हे वेगळे आहेत. जिवंतपणीही वेगळे होते."

"दात?" बाईंनी विचारलं.

"दात. आणि टाकण्याची पद्धत. ती मला पहिल्या दिवशी दिसली होती. मला ती बघायची नव्हती."

"अहवाल दुरुस्त करू," बाई म्हणाल्या. मग लिनेटने घरची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला. "तू जा. वडील आहेत. मी अडवणार नाही. पण तारीख पुढे ढकलणं माझ्या हातात नाही. तू गेलीस तर खड्डा जसा निघेल तसा निघेल."

जसा निघेल तसा म्हणजे फावड्याने. लिनेट साइटवरून घरापर्यंत गाडी चालवत आली आणि तिला वाटेतलं एकही वळण आठवेना. एकीकडे बाप. त्याला निदान एक कोनाडा मिळावा, वर नाव असावं, आजोबांसारखं घमेलं त्याच्या वाट्याला येऊ नये, यापलीकडे तिला काही नको होतं. दुसरीकडे ही माणसं, ज्यांच्यावर तिने स्वतः 'सगळे सारखे' म्हणून माती लोटली होती. तिने ठरवलं, की जायचं. बाप तो बाप.

घरात शिरली तर बिछान्यावर बॅग उघडी होती आणि अँजेला साड्या घडी करत होती.

"मी जाते," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

"तुला बघवणार नाही मम्मी. पेटी उतरवताना तू चक्कर येऊन पडली होतीस."

"पडले होते. यावेळी नाही पडणार." तिने बॅगेची चेन ओढली. "तेव्हा सासऱ्यांसाठी जायला हवं होतं ते मी गेले नाही. आता माझ्या पोटात कोणी नाही. मला कोण अडवणार?"

गुरुवारी ती गेली. शनिवारी लिनेट पहाटेपासून खड्ड्यात होती. तळाचा शेवटचा थर उरला होता. हुसेन वरून रिकाम्या पेट्या देत होता आणि भरलेल्या घेत होता, आणि त्या दिवशी त्याचंही तोंड बंद होतं. ऊन तापलं तेव्हा फोन वाजला. लिनेट वर आली.

"झालं," अँजेला म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, पण रडका नव्हता. "माणसं चांगली होती, घाई केली नाही. सगळं मी हातात घेतलं. डोकं पहिलं."

"कोनाडा नीट बंद केला ना? पाटी सरळ बसली?"

अँजेलाने मध्येच रसेलकडे पाणी मागितलं.

"मम्मी?"

"कोनाड्यात नाही ठेवलं. विहिरीत सोडलं."

लिनेट ओरडलीच. "विहिरीत? अगं, सगळी व्यवस्था केली होती! आता ते कधी सापडणार नाहीत, कळतंय का तुला? मी हेच काम करते! एकदा मिसळले की ब्रह्मदेवालाही वेगळे करता येत नाहीत!"

"मिसळायलाच गेलेत ते," अँजेला म्हणाली. "हॉस्पिटलात असताना मला म्हणाले होते. मला भिंतीत एकटा नको ठेवू, माझा बा खाली आहे. तुला सांगितलं नाही, तू भांडली असतीस."

भांडली असती, हे खरंच होतं.

"मी टाकलं नाही हां," अँजेला पुढे म्हणाली. "टोपलीला दोर बांधला आणि कापडासकट खाली सोडलं. हळू. तळाला टेकलं ते हाताला कळलं. रसेल फाटकाबाहेर उभा होता, त्याने तिथूनच प्रार्थना म्हटली. आधी सासऱ्यांचं नाव घेतलं, मग ह्यांचं. मग मी म्हटलं, आतमध्ये जे कोण आहेत त्यांच्यासाठीपण म्हण. नावं माहीत नाहीत तर नाहीत."

तेव्हा लिनेट तिथेच दगडावर बसली आणि मोठ्याने रडली. बाप गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. तेव्हा कागदपत्रं होती, विमान होतं, आईला धरायचं होतं. हुसेनने मजुरांना हाक मारली. "यल्ला, चाय पिऊन या रे सगले." आणि तो स्वतःही तोंड फिरवून गेला.

"लिनेट," फोनवर अँजेला म्हणाली. "तुझा तो खड्डा झाला?"

"थोडा राहिलाय."

"कोण काढतंय?"

"मी."

"हाताने?"

"हो."

"मग आधी डोळे पूस. रडत काढलंस तर बारीक हाडं राहून जातील आत."

लिनेटने डोळे पुसले, तोंडावर पाणी मारलं आणि शिडीवरून खाली उतरली.