दीड किलोचा कूलर

संगणकाच्या दुकानात वेलिच्कोने एका हातात प्रोसेसर गार ठेवणारा एक कूलर घेतला, दुसऱ्या हातात दुसरा, आणि बाजारात कलिंगडं जोखावीत तसे दोन्ही वरखाली करून पाहिले. डाव्या हातातला मुठीत मावेल एवढा होता. उजव्या हातातला म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्यांचे दोन बुरूज, मधोमध पंखा, वजन चांगलं दीड किलो. त्याने छोटा काउंटरवर परत ठेवला.

“हा घेऊ,” तो म्हणाला.

“बाबा, एवढं धूड कशाला?” झोर्नित्सा म्हणाली. “प्रोसेसर थोडासाच जास्त वेगाने पळवायचाय मला. शर्यतीत नाही उतरवायचा.”

“थोडं पळवलं तरी घाम येतोच.”

“छोट्यानेही भागेल. हवं तर यांना विचार.”

काउंटरमागचा माणूस जुना होता. बापलेकीच्या वादात पडायचं नाही, एवढं तो या धंद्यात शिकला होता. त्याने मान खाली घालून एक केबल उगाचच गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

सकाळपासून हेच चाललं होतं. झोर्नित्साला संगणकाचं कॅबिनेट लहान हवं होतं, बुटांच्या खोक्याहून थोडं मोठं, वर धरायला कडी असलेलं. वेलिच्कोने आत हात घालून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. असल्या डबीत हवा कुठून येणार आणि कुठून जाणार? मग दोन माणसांनी धरावं लागेल असलं कॅबिनेट त्याने पसंत केलं. मदरबोर्ड निवडताना प्रोसेसरच्या खाचेभोवतीचे धातूचे ठोकळे त्याने नखाने वाजवून पाहिले. वेग वाढवला की वीज तिथूनच ओढली जाते, तिथे कंजुषी नको, असं तो म्हणाला. पॉवर सप्लायही गरजेपेक्षा मोठा घेतला. पोरगी एकेक करत हरत गेली, कारण बापाचं एकही कारण खोटं नव्हतं. फक्त खरं कारण त्यात नव्हतं.

खरं कारण वेलिच्कोने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचा असा हिशेब होता की जाणारी माणसं लॅपटॉप घेतात. त्यांच्या इमारतीतून जी जी पोरं परदेशी गेली, ती पाठीला लॅपटॉप मारून गेली आणि नाताळला तोच लॅपटॉप घेऊन चार दिवस आली. झोर्नित्सा अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर तयार करायची, रॉटरडॅमच्या एका कंपनीसाठी, प्रावेत्स गावातल्या आपल्या लहानपणच्या खोलीत बसून. तिकडची माणसं तिला बोलावत होती, हे वेलिच्कोच्या कानावर होतं. त्याबद्दल विचारायची त्याची छाती झाली नव्हती. आणि अशात एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, माझा लॅपटॉप चित्र काढता काढता भट्टीसारखा तापतो. आपण एक मोठं मशीन बांधू या का?”

वेलिच्कोचा जीव भांड्यात पडला. जिला जायचंय ती मोठं मशीन कशाला बांधेल? त्या रात्री तो कित्येक दिवसांनी गाढ झोपला. दुसऱ्या दिवसापासून भागांची यादी करायला बसला, आणि यादीतला प्रत्येक भाग आदल्या भागापेक्षा जड होत गेला.

“बरं बाबा, हाच घे,” झोर्नित्सा म्हणाली आणि हसली. “तुझ्याशी कोण भांडणार!”

परतीच्या मिनीबसमध्ये कॅबिनेटचा खोका एक अख्खी सीट अडवून बसला होता. ड्रायव्हरने विचारलं, हे तिसरं माणूस कोण? वेलिच्को म्हणाला, “माझा जावई. कमी बोलतो.” झोर्नित्सा खिडकीबाहेर बघत राहिली.

*

शनिवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून दोघं कामाला लागली. वेलिच्कोची उमर गावातल्या संगणक कारखान्यात गेली होती, तपासणी विभागात. तिथे तयार झालेली मशिनं एका गरम खोलीत नेऊन चालू ठेवायची, त्यांना मुद्दाम दमवायचं, ज्यांनी मान टाकली ती परत पाठवायची आणि उरलेली खोक्यात भरायची. कारखाना बंद पडल्यावर त्याने दूरदर्शन संच दुरुस्त केले, मग धुलाई यंत्रं. आज इतक्या वर्षांनी पुन्हा मदरबोर्ड हातात आला तेव्हा त्याने तो आधी नुसताच धरून ठेवला. झोर्नित्साही हातातला स्क्रूड्रायव्हर धरून थांबली.

बाल्कनीत त्याची बायको स्तेफ्का मिरच्या भाजत होती. सप्टेंबर लागला की या इमारतीतल्या प्रत्येक बाल्कनीत लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती येतात. मिरच्या भाजायचा विजेचा हंडा, चुश्कोपेक, माळ्यावरून खाली उतरतो, आणि मग वर्षभराची चटणी बरण्यांत भरेपर्यंत घरात दुसरा विषय नसतो. जिन्यापासून गच्चीपर्यंत करपलेल्या सालीचा वास भरून राहिला होता.

मशीन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. मग वेलिच्कोने वेग चढवायला घेतला. बनवणाऱ्या कंपनीने प्रोसेसर चार-पॉइंट-सात गिगाहर्ट्झवर बांधून दिला होता. त्याने पाचवर नेला, दमवणारी चाचणी लावली आणि कॉफी प्यायला. मशीन टिकलं. पाच-पॉइंट-एकवर नेला, तेही टिकलं. पाच-पॉइंट-दोनवर पडदा निळा पडला.

“ही याची शीव,” वेलिच्को खुशीत म्हणाला. “आता एक पायरी मागे यायचं आणि तिथेच घर करायचं. हाव सुटली की मशीन गेलंच म्हणून समज.”

“पाच-पॉइंट-एक?”

“पाच-पॉइंट-एक. आता लांबलचक चाचणी लावू. तुझ्या चित्राला लागतो तेवढा वेळ चालू दे.”

चाचणी निम्म्यावर आली नसेल, तोच पडदा काळा झाला. पंखे थांबले. पॉवर सप्लाय गेला की काय? वेलिच्कोने वाकून वास घेतला, तर सगळीकडे मिरच्यांचाच वास.

“माझा हंडा का रे बंद पाडलात?” बाल्कनीतून स्तेफ्का ओरडली. “अर्ध्या मिरच्या कच्च्या आहेत माझ्या!”

झोर्नित्सा खो खो हसत सुटली. हंडा, आंघोळीच्या पाण्याचा बॉयलर आणि जीव खाऊन पळणारं मशीन, तिन्ही एकाच वेळी चालू. जुन्या फ्यूजने हात टेकले होते.

“बापलेक मिळून म्हणे संगणक बांधतायत,” स्तेफ्का म्हणाली. “आधी घरातला फ्यूज सांभाळा.”

वेलिच्को हसत हसत दाराजवळच्या फ्यूजच्या पेटीकडे गेला. तिथून खोलीतला भिंतीलगतचा कोपरा दिसत होता, जिथे सगळे रिकामे खोके रचून ठेवले होते. स्तेफ्का टॉवेलला हात पुसत आत आली आणि सवयीने त्या खोक्यांपाशी गेली.

“हे मी नेते गं. बरण्या ठेवायला झकास होतील. थर्माकोलही आहे आत.”

“नको आई. राहू देत ते.”

“अगं, हा तरी? हा एवढा मोठा काय करायचाय—”

“तोच तर लागेल.”

स्तेफ्काच्या हातात कॅबिनेटचा खोका होता. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने तो होता तिथे ठेवला, कोपरा भिंतीला नीट टेकवला आणि एक शब्दही न बोलता बाल्कनीत निघून गेली.

वेलिच्कोचा हात फ्यूजवरच राहिला. या बाईने दह्याचा डबासुद्धा कधी फेकू दिला नव्हता. एका रिकाम्या बरणीवरून ती खालच्या मजल्यावरच्या बाईशी महिनाभर अबोला धरून बसली होती. ती एवढा चांगला खोका वाद न घालता सोडते? म्हणजे तिला ठाऊक होतं. कारखान्यात असताना त्याने रिकामे खोके एकाच कामासाठी जपलेले पाहिले होते: मशीन दूर पाठवायला.

त्याने फ्यूज वर केला. घरात दिवे आले. तो खोलीत येऊन खुर्चीवर बसला.

“खोके कशाला हवेत?”

झोर्नित्सा काळ्या पडद्याकडे बघत होती.

“मी सांगणारच होते, बाबा. आधी मशीन पुरं होऊ दे म्हटलं.”

“रॉटरडॅम?”

“हो.”

“कधी?”

“ऑक्टोबरात.”

वेलिच्कोला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं आणि संतापही आला. तो कुणावर काढावा ते कळेना. पोरीवर काढावा तर तिने काही गुन्हा केला नव्हता. सबंध उन्हाळा आपण मनातल्या मनात मांडे खात होतो, याची त्याला लाज वाटली. जावई म्हणे. कमी बोलतो म्हणे. त्याने टेबलावरचा एक स्क्रू उचलला, बघितला आणि परत ठेवला.

“बाबा, काहीतरी बोल ना.”

“मशीन चालू कर.”

तिने चालू केलं. वेगाच्या सेटिंगचा पडदा आल्यावर त्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि पाच-पॉइंट-एकच्या जागी चार-पॉइंट-नऊ घातलं.

“हे काय? पाच-एकवर चाललं होतं की! आत्ता बंद पडलं ते फ्यूजमुळे.”

“चाललं होतं.”

“मग?”

“इथे अडलं असतं तर मी होतो,” वेलिच्को म्हणाला. “तिथे चार-नऊ बास.”

त्याने आकडा जपून ठेवला, मशीन बंद केलं, वायर काढली आणि कॅबिनेट आडवं पाडलं. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन तो मोठा कूलर सोडवायला लागला.

“हा असाच ठेवून प्रवासात न्यायचा नाही. ट्रकला एक गचका बसला की याच्या वजनाने बोर्ड चिरतो. उतरवून, वेगळा बांधून न्यायचा. तिथे पोचल्यावर पुन्हा बसवायचा.”

“छोटा घेतला असता तर...” ती सहज बोलून गेली.

“तर उतरवायला लागला नसता,” वेलिच्को म्हणाला. “म्हणूनच नाही घेतला.”

त्याने वर पाहिलं नाही. तिने पाहिलं. मग तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि स्क्रू पडू नयेत म्हणून कूलरच्या खाली आपला तळहात धरला.

त्याने तिला सगळं दाखवलं. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली जुनी पेस्ट कापडाने पुरती पुसून काढायची. नवी वाटाण्याएवढी लावायची, बोटाने फासायची नाही, वजनाने आपली आपण पसरते. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, असं करत दोन्ही सारखे आणायचे. पंख्याची वायर विसरायची नाही, ती सगळेच विसरतात. एकदा बसवून दाखवला आणि लगेच परत उतरवून तिच्यापुढे ठेवला.

“आता तू.”

“बरं. चुकले तर सांग.”

“नाही सांगणार.” तो उठला. “मी घरात नाही असं समज.”

“बाबा!”

पण तो बाल्कनीत जाऊन पोचलाही होता. स्तेफ्काने त्याच्याकडे पाहिलं, पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं आणि भाजलेल्या मिरच्यांचं पातेलं त्याच्या मांडीवर दिलं. दोघं मिरच्या सोलायला लागली. साल गरम होती, बोटं पोळत होती.

“तुला कधीपासून माहीत?” वेलिच्कोने विचारलं.

“उन्हाळ्यापासून.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं?”

“कसं सांगणार? त्या सामानाच्या यादीवर तू दिवसदिवस बसायचास. शिट्ट्या वाजवायचास, वेलिच्को. कारखाना बंद पडल्यापासून तू शिट्टी वाजवलेली ऐकली नव्हती मी.”

वेलिच्कोने एक मिरची उगाचच जोरात सोलली. ती हातात फाटली.

“मी म्हटलं होतं तिला,” स्तेफ्का म्हणाली. “इथून ओझं कशाला नेतेस, तिकडे तयार मिळेल की. तर म्हणाली, तयार नको. बाबाच्या हातचं हवंय.”

वेलिच्कोने फाटलेली मिरचीही नीट बिया काढून पातेल्यात टाकली.

आतून स्क्रू जमिनीवर पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ झोर्नित्साची एक शिवी. वेलिच्को स्टुलावरून अर्धा उठला.

“तू घरात नाहीस ना?” स्तेफ्का म्हणाली.

तो खाली बसला. आत कॅबिनेट उभं केल्याचा घासलेला आवाज झाला, मग वायर खोचल्याचा. आता ती बटण दाबणार. वेलिच्को वाकला आणि त्याने चुश्कोपेकची वायर भिंतीतून उपटली.

“अरे! मिरच्या कच्च्या राहतील!”

“राहू देत जराशा.”

हंड्याचा लाल उजेड विझत गेला. आणि मग आत पंखे सुरू झाले, आधी मोठ्याने, मग हळू, सारखे.

“बाबा! झालं! चालू झालं!”

वेलिच्को दुसरी मिरची घेऊन सोलत राहिला.

“अरे, हाक मारतेय ती.”

“मी घरात नाही,” तो म्हणाला, आणि मनगटाने डोळे पुसले. मिरचीचे हात त्याने डोळ्यांना लावले नाहीत.