फोटोपुरता नाही मी

मी लाइफ जॅकेट बोलतोय. रंग नारिंगी, छातीवर काळा पट्टा. माणसाला पाण्यावर धरून ठेवायला मला शिवलं आणि कामाला मात्र लावलं फोटोत.

माझा मालक दर्पणशेठ. बोईसरच्या कारखान्यांतली, तारापूरच्या वसाहतीतली कुटुंबं तो शिरगावला सहलीला आणायचा. आधी किल्ला, मग समुद्रात होडीची फेरी. किनाऱ्यावर आम्हा मोजक्या जॅकेटांना पुढच्या रांगेतल्यांच्या अंगावर चढवायचा, फोटो काढायचा आणि परत टेम्पोत कोंबायचा. "भिजली की वास मारतात," म्हणायचा. भरलेल्या होड्या आमच्याविना निघायच्या आणि मी टेम्पोत जळत बसायचो.

एका रविवारी वारा जोराचा होता. मी अर्चनाच्या अंगावर होतो. तिच्या कडेवर लहान मुलगी. फोटो झाला, सगळे होडीत बसले आणि दर्पणशेठ माझं बकल काढायला आला. होडी होती जमनाची. तिने होडीची दोरी हातात घट्ट धरली.

"जॅकेटं उतरवायची नाय. सगल्यांना पुरतील एवडी आण, मंग होडी सोडते."

"अगं, जवळच तर जायचंय!"

"दर्या तुजा फोटू बगून सोडत नाय."

होडी चालवणारा तिचा नवरा नवशा कुजबुजला, "धंदा जाईल गं." जमना हलली नाही.

अर्चनाने मला दोन्ही हातांनी धरलं. "माझ्या मुलीच्या मापाचं कुठंय?" ती होडीतून उतरली. मागोमाग बाकीचेही उतरले.

दर्पणशेठने मला हिसकावून जमनाच्या पायाशी फेकलं. "घे, हेच विकून खा! तुझ्या होडीत पुन्हा माणूस बसवणार नाही."

आणि खरंच, कित्येक रविवार जमनाची होडी रिकामी राहिली. ती बोंबील सुकवत बसली, पण त्याच्याकडे गेली नाही. तो शेजारच्या होडीवाल्या भागीकडे गेला. भागीने विचारलं, "जॅकेटं हायेत?" पुढच्या होडीवरही तोच प्रश्न. शेवटी त्याने टेम्पो घिवलीच्या किनाऱ्याकडे वळवला. तिथे काय झालं, मला माहीत नाही. काळजी वाटते.

जमना, भागी आणि इतरांनी मिळून जॅकेटं आणली, लहान मुलांचीसुद्धा. सहली आता त्याच नेतात. मी मिठाने पांढरा पडलोय, शिवण उसवली की नवशा टाके घालतो.

माझ्यात उकडतं, साडी चुरगळते, हे सगळं मान्य. कुरकुर करा. पण कुठल्याही किनाऱ्यावर कुणी मला तुमच्या अंगावरून उतरवायला आला, तर त्याचा हात झटका. आणि तुमच्या शेजाऱ्याला जॅकेट मिळेपर्यंत होडीत पाय ठेवू नका.