ढेकरांचा वर्ग

आमच्या वर्गात ढेकर द्यायला शिकवतात. हसू नका, तिथला मास्तर मीच आहे. ऑपरेशनमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकलंय, त्यांनी हवा गिळायची, ती ढेकरासारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द चढवायचे. माझंही स्वरयंत्र गेलेलं आहे. असा कमावलेला आवाज जाडाभरडा निघतो आणि सगळ्यांचा जवळजवळ सारखाच. पडद्याआडून बोललो तर बायकांनाही आपापला नवरा ओळखता येत नाही. "मग त्यातला कमी कटकटीचा द्या," म्हणतात.

अडचण एकच. चिडलं की घसा आवळतो आणि आवाज बंद. धडधाकट माणूस चिडला की ओरडतो, आम्ही चिडलो की मुके होतो. म्हणून शब्दांच्याही आधी मी हे शिकवतो: शब्द अडला की दोन्ही तळहात टेबलावर टेकायचे, खांदे सोडायचे, आणि समोरच्याने भिंतीवर लिहिलंय तेच म्हणायचं, "घाई नाही. मी थांबलोय."

वर्गात नव्याने आलेल्या मुकादमाचा राग नाकाच्या शेंड्यावर. लाकडाच्या वखारीत करवतींच्या वर आवाज चढवण्यात त्याचा जन्म गेला होता. पहिल्या दिवशी साधा 'पा' निघेना, म्हणून त्याने पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. त्याची बायको काचा वेचत म्हणाली, "सर, जित्याची खोड आहे ही. शिकवून जायची नाही."

पण त्याला शिकणं भाग होतं. लहानपणच्या रडण्यावरून मुलीला तो 'टिटवी' म्हणायचा. दूरगावी नोकरी लागल्याचं सांगायला ती वखारीत गेली, तेव्हा सगळ्या कामगारांसमोर तो तिच्यावर असा ओरडला की ती गेली ती गेलीच. ती आईला फोन करायची. हा शेजारी बसून ऐकायचा, पण फोन हातात घ्यायचा नाही. आता घशाचा कॅन्सर फुप्फुसात उतरला होता आणि ते त्याला माहीत होतं. आईने बोलावलं तर मुलगी म्हणाली, "बाबांनी स्वतः 'घरी ये' म्हटलं, तर येईन."

'टिटवी' लवकर जमलं. 'ट' आमच्या घशाला सोपा. घोडं अडलं ते 'घरी ये'पाशी. 'ये'वर येईपर्यंत हवा संपलेली असायची. तो लालबुंद व्हायचा, मूठ उगारायचा, मग माझ्याकडे बघून तीच मूठ उघडायचा आणि टेबलावर पालथी ठेवायचा. ओंडके उलथवलेले हात ते, पण शहाण्या मुलासारखे पडून राहायचे. माझा जीव जडला त्याच्यावर.

एका रविवारी त्याने वर्गातूनच बायकोकडून मुलीला फोन लावून घेतला. स्पीकर चालू केला.

"टिटवी," तो म्हणाला. अगदी स्वच्छ.

पलीकडून, "बाबा?"

एवढ्यावर त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि घसा मिटला. रागावरचा उपाय मी शिकवला होता, रडण्यावरचा माझ्याजवळही नव्हता. त्याने तळहात टेकले. ओठ हलत होते, आवाज नाही.

"अजून राग गेला नाही ना, बाबा?" ती म्हणाली. "ठेवते मी."

त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"घरी ये," मी म्हणालो.

ती रडायलाच लागली. "येते, बाबा. येत्या रविवारी येते."

दुसऱ्या दिवशी मुकादम दार उघडायच्या आधी हजर. पाटीवर लिहिलं, 'दारात मी स्वतः म्हणणार. उसनं नको.' मग रोज आला. दमायचा, खोकायचा, पेल्याकडे रागाने बघायचा, पण फेकला नाही. शुक्रवारी त्याची बायको औषधं आणायला गेली असताना तो म्हणाला, "घरी ये." 'ये' जरा कापला, पण पुरता निघाला. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. बायको आल्यावर पुन्हा म्हणायला गेला तर दम उरला नव्हता. "राहू दे," ती म्हणाली, "रविवारी ऐकेन."

शनिवारी सकाळी तो उठलाच नाही.

काही दिवसांनी मुलगी वर्गावर आली आणि त्याच्याच खुर्चीत बसली. फोनचं खरं आईने तिला सांगितलं नव्हतं. मलाही आईनेच बजावलं होतं, "पोरीजवळ तेवढंच आहे. ते काढून घेऊ नका."

"सर, तुमच्या सगळ्यांचा आवाज सारखाच असतो ना?" मुलगी म्हणाली. "बाबांनी बोलावलं आणि मी रडत बसले. नीट ऐकलंच नाही. एकदा म्हणाल? त्यांच्यासारखं?"

मला तिला सांगायचं होतं, की बाई, त्याने म्हटलं होतं, खरंच म्हटलं होतं, शुक्रवारी, इथेच, ऐकायला फक्त तू नव्हतीस. मी हवा गिळली. काही येईना. इतक्या जणांना बोलतं केलं मी, आणि माझ्याच घशाने दार लावून घेतलं.

मी दोन्ही तळहात टेबलावर टेकले.

तिने खुर्ची जरा पुढे ओढली.

"घाई नाही, सर," ती म्हणाली. "मी थांबलेय."