टॅपिरसमोर बोलायचं नाही

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर तीस वर्षं मी एसटीच्या गाड्या पुकारल्या. अशा माणसाला अमेरिकेत, अल्फारेटात आणून गप्प बसवायचं म्हणजे शिक्षाच. रवी, माझा मुलगा, दिवसभर ऑफिसात. नातीला मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत. खिडकी ते फ्रिज, फ्रिज ते खिडकी या माझ्या येरझाऱ्यांना सून दीक्षा वैतागली. ती जनावरांची डॉक्टर. ती काम करते त्या जंगली प्राण्यांच्या केंद्रात मला घेऊन गेली.

"बाबा, फळं चिरायची आणि पिंजऱ्यात ठेवायची. पण टॅपिरसमोर एक शब्द बोलायचा नाही. माणसाच्या आवाजाला सरावलं तर त्याला जंगलात रिलीज करता येणार नाही. शिकाऱ्याने हाक मारली की हे त्याच्याकडे जाईल."

म्हणजे इथेही गप्पच.

टॅपिर म्हणजे डुकरासारखं अंग आणि पुढे सोंडेची नुसती सुरुवात. तस्करांकडून सोडवलेलं पिल्लू, आई मारली गेलेली. मोठं झालं की मध्य अमेरिकेतल्या त्याच्या जंगलात सोडायचं होतं. आठवडाभर मी तोंड शिवून केळी चिरली. मग एका सकाळी ते कोपऱ्यात नाक खुपसून उभं राहिलं, खाईचना. मला राहवलं नाही. हळूच अमरावतीची गाडी पुकारली, "बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, अमरावती..." त्याने कान हलवले, बारीक शीळ घातली आणि ते केळ्यांपाशी आलं.

मी मनाची समजूत घातली. त्या जंगलात कोणता शिकारी मराठीत हाक मारणार? पाच महिने रोज अमरावती गाडी सुटली. पिल्लाच्या अंगावरचे पांढरे पट्टे गेले, शीळ तीच राहिली.

रिलीजआधी चाचणी असते. माणसाच्या आवाजाला पळालं तर पास, जवळ आलं तर जन्मभर पिंजरा. दीक्षा म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज त्याने कधी ऐकलेला नाही. तुम्हीच बोला."

दोन दिवस मला धड बसवेना की उठवेना. घसा बसल्याचं सांगून सुटता आलं असतं. पण तिकडे ते कोणाच्या बंदुकीसमोर शीळ घालत उभं राहिलं तर? चाचणीला जाताना गाडीतच मी सांगून टाकलं.

दीक्षाने गाडी कडेला घेतली. "रोज बोलायचात?"

"रोज. पण मराठीत."

"बाबा, त्याला भाषा नाही कळत. माणूस कळतो." तिने फोन उघडून तारखा बघितल्या. "चाचणी दोन महिने पुढे ढकलते. पण आता माणसाच्या आवाजाची भीती तुम्हीच घालायची."

दुसऱ्या दिवसापासून मी पुकारायचो, ते धावत यायचं आणि मी पत्र्याचा डबा बडवायचो. पहिल्यांदा ते थबकलं आणि माझ्याकडे बघत पुन्हा जवळ आलं. मी पुन्हा बडवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. असे दोन महिने काढले. मला माझ्याच आवाजाचा राग यायला लागला.

मग चाचणी झाली. हातात डबा नव्हता. मी स्टँडवरचा आवाज लावला, "बाजारगाव, कोंढाळी, कारंजा..."

टॅपिर वळलं आणि झाडीत घुसलं. शीळ नाही, काही नाही.

"पास झालं, बाबा," दीक्षा म्हणाली आणि तिने माझा हात धरला.

तळेगाव, तिवसा, अमरावती राहिलं होतं. गाडी अर्ध्यात सोडायची मला सवय नाही. तेवढं मी पुटपुटलो, त्याला ऐकू जाणार नाही असं.