दहा दिवसांची मुदत

"चावली का हे कोणाले आजवर?" उषाताईंनी विचारलं.

भूपेंद्र अंगणातच थांबला होता. रामाकोना गावातल्या संत्र्याच्या बागेतून तो मोटरसायकलवर आला होता. पोटाशी धरलेल्या गोणपाटातून तांबूस रंगाच्या एका गावठी कुत्रीचं डोकं तेवढं बाहेर डोकावत होतं.

"नाई जी काकू. लय गरीब जनावर हाये."

"दवाखान्यात येणारा हरेक जण हेच सांगते. गरीब होतं म्हणते, आन् पोटरी दाखवते. इच्या मायनं चावलं का कोणाले? रेबीजचं टोचलं का? कारड कुठी हाये?"

"कारड तं नाई जी. सहा महिन्याची हाये. बागेतच झाली, बागेतच वाढली."

भूपेंद्रने मदतीसाठी उषाताईंच्या नवऱ्याकडे, मोरेश्वररावांकडे पाहिलं. ते ओट्यावर उभे राहून नुसते हसत होते. लग्नात वरपक्षाकडचा एखादा काका उगाच हसत उभा राहतो तसे. उषाताईंना ते हसू अजिबात आवडलं नाही.

सौंसरच्या सरकारी दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांचं टेबल गेली अकरा वर्षं नर्स उषा कळंबे यांच्याकडे होतं. लोधीखेड्यापासून बोरगावपर्यंत कोणाच्या घरचं कुत्रं कसं आहे, हे त्यांना त्या घरच्या माणसांहून जास्त ठाऊक. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, सुई टोचायची आणि प्रश्न विचारायचे: पाळीव की मोकाट, डिवचलं होतं का, आता कुठे आहे. कुत्रं पाळीव असेल तर त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायला सांगायचं. या टेबलामुळे त्यांचं जगाबद्दल एक मत बनलं होतं. आधी नजरेखाली ठेवावं, मग बोलावं.

आणि त्यांच्या नजरेखाली सध्या नवरा होता. तेहेतीस वर्षांच्या संसारात या माणसाने कुत्र्यापुढे कधी पोळीचा तुकडा टाकला नव्हता. जिनिंगमध्ये, सरकी काढणाऱ्या रेच्यांवर, फिटर म्हणून एकतीस वर्षं काढली, निवृत्त झाला, ओट्यावर पेपर घेऊन बसायला लागला. त्याला अचानक कुत्रं हवं झालं होतं. बरं, लेकीने, मानसीने, नागपूरहून व्हिडिओ कॉलवर विचारलं तरी कारण सांगेना. "असावं घरात," एवढंच. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"दहा दिवस ठेवू," उषाताई म्हणाल्या. "दहा दिवस मी पायतो. पटलं तं राहीन, नाई तं भूपेंद्र, तू वापस घेऊन जाजो. आन् तंवर इचं नाव ठेवाचं नाई. नाव ठेवलं का मानूस फसते."

मोरेश्वररावांनी मान डोलावली. ते हल्ली सगळ्यालाच मान डोलवत.

त्या संध्याकाळी उषाताईंनी त्यांना समोर बसवलं आणि उलटतपासणी घेतली. सकाळी बाहेर कोण नेईल? घाण कोण उचलेल? मानसीकडे चार दिवस गेलो तर मागे कोण पाहील? कांदा, चॉकलेट चालत नाही, मग ताटातलं उरलेलं टाकून भागेल का? मादी आहे, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर आठ दिवस तिला जखम चाटू द्यायची नाही, रात्री जागेल कोण? आणि हे जनावर बारा-तेरा वर्षं जगतं, तेव्हा आपण पंच्याहत्तरीला टेकलेलो असू, त्याचं काय?

"मी करीन," मोरेश्वरराव प्रत्येक प्रश्नाला म्हणाले. "सारं मीच करीन."

"तुमी?" उषाताई हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. "मी न्हाणीत पडली तवा आले होते का तुमी?"

मोरेश्वरराव उठून आत गेले.

न्हाणीतलं ते पडणं पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं. गोटमारीतल्या, म्हणजे नदीकाठच्या दगडफेकीच्या जत्रेतल्या, जखमींसाठी दरवर्षी पांढुर्ण्याला जास्तीची माणसं बोलावतात, त्यात उषाताईंची ड्यूटी लागली होती. पहाटेची बस गाठायची म्हणून त्या घाईने अंघोळीला गेल्या आणि शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरला. मनगट मोडलं, कंबर धरली. त्यांनी हाका मारल्या. ओट्यावर मोरेश्वरराव चहा घेत बसले होते, मध्ये फक्त दोन खोल्या. अर्धा तास त्या ओरडत होत्या. शेवटी नळाला धरून, एका हाताने लुगडं गुंडाळून त्या स्वतःच बाहेर आल्या, तेव्हा हा माणूस निवांत पेपर वाचत होता.

आदल्या रात्री टीव्हीच्या आवाजावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. घर डोक्यावर घेईल इतका आवाज करून ते बातम्या पाहत आणि कमी करा म्हटलं की तिरसटत. तो राग मनात धरून नवरा जागचा हलला नाही, हे उषाताईंच्या मनाने त्याच दिवशी पक्कं केलं. मोरेश्वररावांनी खुलासा केला नाही, माफी मागितली नाही. प्लास्टर निघालं, मनगट जुळून आलं, तो दिवस मात्र उषाताईंच्या मनातून जाईना. या माणसाच्या देखत आपण मेलो तरी हा पान उलटत बसेल, असं त्यांना वाटायचं आणि रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपताना रडू यायचं.

म्हणून मुदत कुत्रीला दिली असली तरी तपासणी दोघांची चालू होती.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन कुत्रीला सुई टोचली. तिसऱ्या दिवशी तिने उषाताईंचा ड्यूटीचा पांढरा बूट चावून त्याची चाळण केली आणि स्वयंपाकघराच्या दारात घाण केली. मोरेश्वररावांनी मुकाट्याने फडकं घेतलं, फरशी पुसली आणि फिनेलही टाकलं. ज्या माणसाने स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं, तो कुत्रीची घाण उचलत होता. उषाताईंच्या मनात पाल चुकचुकली.

चौथ्या दिवशी डब्यातली बिस्किटं संपली. दोन पुडे होते.

"कुठी गेले बिस्किटं?"

"खाल्ले असतीन," मोरेश्वरराव म्हणाले.

"कोणं?"

त्यांनी मान डोलावली. या प्रश्नाला मान डोलावण्याचा अर्थ काय होतो, ते उषाताईंना कळेना.

पाचव्या दिवशी समोरच्या घरच्या अंबाबाईंनी फाटकाशी गाठलं. "तुमच्याइथं अश्विनी येऊन राह्यली ना रोज दुपारी? आधा घंटा तरी रायते. काल गेली तं सलवार ओली होती घोट्यापावतर. मीनं म्हटलं, धुणं-बिणं लावलं का काय पोरीले."

अश्विनी ही शेजारची पोरगी, चोवीसची, पटवारीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. धुणं तर उषाताई स्वतः पहाटे धुवून जात. मग ही पोरगी दुपारी, आपण घरी नसताना, न्हाणीत काय करते? नको नको ते मनात आलं आणि बासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या नवऱ्याविषयी ते यावं याचं त्यांना हसूही आलं. पण हसू आलं म्हणून शंका गेली नाही. त्या रात्री त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं तर माणूस सावध होतो.

सहाव्या दिवशी उषाताई नोकरीत पहिल्यांदा खोटं बोलल्या. डोकं दुखतं सांगून साडेबारालाच निघाल्या, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि मागच्या बोळातून घराकडे आल्या. मागच्या फाटकाची कडी बोटांनी धरून उचलली, आवाज होऊ दिला नाही. स्वतःच्याच घरात त्या चोरासारख्या शिरल्या.

तेवढ्यात आतून बाईच्या किंकाळ्या आल्या.

"अवो! आयकता काय! पडली मी! उठता नाई येऊन राह्यलं!"

उषाताई तिथेच थांबल्या. शब्द त्यांचे होते. गोटमारीच्या दिवशी त्या हेच ओरडल्या होत्या, आणि पुढे दहा वेळा भांडताना नवऱ्याच्या तोंडावर हेच शब्द त्यांनी फेकले होते. आवाज मात्र अश्विनीचा होता आणि तो न्हाणीतून येत होता.

"अवो! पडली ना मी!"

पावलं न वाजवता त्या पुढच्या खोलीपर्यंत आल्या, तेव्हा दारातून त्यांना ओटा दिसला. मोरेश्वरराव पाठमोरे बसले होते, हातात पेपर. पोरगी गळा फाडून ओरडत होती, शेजारच्या छपरावरचा कावळा उडून गेला, आणि या माणसाने शांतपणे पान उलटलं.

मधल्या खोलीतून तांबडी कुत्री धावत आली. न्हाणीच्या दाराशी गेली, परत फिरली, ओट्यावर आली आणि तिने मोरेश्वररावांच्या पायजम्याचं टोक दातात धरून ओढलं. त्यांनी झटकन पेपर ठेवला. खिशातून बिस्किट काढून तिला दिलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "शाब्बास रे बाई."

उषाताई त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. "अवो," त्या साध्या आवाजात म्हणाल्या. काही नाही. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अवो, मी हावो." कुत्रीने मान वळवून पाहिलं. मोरेश्वरराव तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

साऱ्या तहसिलीची दुखणी ओळखणाऱ्या बाईला तेव्हा घरातलं दुखणं दिसलं. टीव्हीचा आवाज, न उचललेले फोन, दारावरून परत गेलेला दूधवाला, सगळ्याला डोलणारी मान. सगळं समोर होतं आणि रागाच्या भरात त्यांनी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. उषाताईंना लाज वाटली. इतकी, की पुढे होऊन त्यांच्यासमोर उभं राहायलाही धीर होईना.

अश्विनीच ओल्या पायांनी बाहेर आली आणि त्यांना पाहून किंचाळली. ही किंकाळी खरी होती. मोरेश्वररावांनी कुत्रीची नजर पाहून मागे वळून बघितलं.

"तू? इतक्या लवकर?"

उषाताई समोर बसल्या, त्यांना ओठ दिसतील अशा. "कधीपासून?"

मोरेश्वररावांनी पेपरची घडी घातली. अश्विनी हळूच पायरीवर जाऊन बसली.

"दोन-तीन साल झाले अशीन," ते म्हणाले. "समोर बोललं तं समजते. मांगून काईच नाई. रेच्याच्या आवाजात जिंदगी गेली ना, मले वाटे होईन बरोबर. तू पडली त्या दिवशी मले पता लागलं का हे काई बरोबर होणार नाई आता. नागपूरले जाऊन दाखवलं. तुले सांगतलं होतं का जामसावळीले दर्शनाले चाललो म्हणून."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू म्हणली असती, बहाणे करून राह्यले."

उषाताईंना ते पटलं. म्हणाल्याच असत्या.

"इतके दिवस मी तुमाले काय काय बोलली," त्या म्हणाल्या. "सारं आयकून घेतलं तुमी."

"तू समोरून बोले," मोरेश्वरराव म्हणाले. "थे सारं समजे."

पायरीवर अश्विनीने मान खाली घातली. उषाताईंनी पदराने डोळे पुसले आणि नर्सच्या आवाजात विचारलं, "डॉक्टर काय म्हणला? मशीन लावाले सांगतलं अशीन."

"सांगतलं. लावू. पण मशीन रात्री काढून ठेवा लागते. आन् तू तं पहाटेच न्हाणीत जातं." त्यांनी कुत्रीकडे पाहिलं. "इले काढून ठेवा नाई लागत."

उषाताई उठल्या. "हे अश्विनीचा आवाज वळखून राह्यली. मी पडीन तवा अश्विनी थोडीच ओरडणार हाये?"

"मंग?"

"बसा तुमी तसेच. पेपर घ्या. मांगं पाहू नोका."

त्या न्हाणीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि लाकडी पाटावर बसल्या. फरशीवर आता शेवाळ नव्हतं, कोणीतरी ते घासून काढलं होतं; रोज इथे येऊनही हे त्यांना आजच दिसलं. आता हाक मारायची होती. एकदा मारली, ती त्यांनाच नीट ऐकू आली नाही. मग पोटातून आवाज काढला.

"अवो! आयकता काय!"

नखांचा आवाज आला, पण कुत्री ओट्याकडे न जाता दाराशीच आली आणि फटीतून नाक घालून कुंई करायला लागली. उषाताई गप्प बसल्या, तिच्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा हाक मारली. कुत्री दाराशीच घुटमळली. तिसऱ्या हाकेला नखं दूर गेली, मधल्या खोलीत थांबली, तिथे बराच वेळ काहीच हाललं नाही. मग पेपर खाली पडल्याचा आवाज झाला.

चपलांचा आवाज दोन खोल्या ओलांडून आला आणि दार उघडलं. मोरेश्वरराव उभे होते, थोडे धापा टाकत. पायजम्याचं टोक अजून कुत्रीच्या तोंडात होतं.

"तू हाक मारली का?" त्यांनी विचारलं.

"हाव," उषाताई म्हणाल्या.

त्यांना स्वतःहून उठता येत होतं. तरी त्यांनी हात पुढे केला आणि मोरेश्वररावांनी तो जुळून आलेल्या मनगटाच्या जरा वर, जपून धरला.