आठवणीनं लावलेलं कुलूप

कारखान्यात त्याला सगळे भिंगरी म्हणत. कुणी प्रेमानं, कुणी वैतागून. खोक्यांचा पुठ्ठा बनवणाऱ्या त्या लांबलचक मशीनवर तो वीस वर्षं फिटर होता आणि वीस वर्षांत त्याला एका जागी बसून डबा खाताना कुणी पाहिलं नव्हतं. मशीनमध्ये कागद अडकला की हाक एकच, "भिंगरीला बोलवा!" बाकीचे हातमोजे शोधेपर्यंत हा गरगर फिरणाऱ्या लोखंडी रुळांमध्ये हात घालून कागद ओढून मोकळाही झालेला असे. डाव्या करंगळीचं पेर त्यातच गेलं. तेव्हाही फोरमननं पाठच थोपटली. माल वेळेवर गेला होता ना!

खरं सांगायचं तर त्याला शौर्याची हौस नव्हती. डोकं दिवसभर भणभणायचं, दहा कामं अर्धवट आणि लक्ष अकराव्याकडे. फक्त हात रुळांजवळ गेला की आत सगळं गप्प व्हायचं. त्या दोन मिनिटांसाठी तो काय वाट्टेल ते करायला तयार असे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला घरी कुणी नव्हतंच. बायको केव्हाच वेगळी झाली होती. रविवारी ताईचा फोन येई, "जेवलास का?" एवढं विचारण्यापुरता.

मशीनच्या आत शिरायचं तर नियम साधा होता. मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं लाल कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. प्रत्येक कुलपावर ज्याचा त्याचा फोटो. आत दोघं जाणार तर कुलपं दोन. ज्याचं त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो मॅनेजर का असेना.

सात महिन्यांपूर्वी त्याच्या जोडीदारानं, तात्यानं, विचारलं होतं, "स्विच बंद केलास ना रे?"

"केला, केला. शिरा तुम्ही."

करायला निघाला होता खरा. वाटेत कुणीतरी पाना मागितला आणि स्विच डोक्यातून निघून गेला. बंद केल्याचं मात्र डोक्यात राहिलं. तात्यानं आपलं कुलूप लावलं नाही. पंधरा वर्षांचा भरवसा होता, कशाला उगाच? अडकलेला कागद निघाला, अडून बसलेले रूळ फिरले आणि तात्याचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. हात राहिला, पण बोटं वळेनात. तात्याला स्टोअरच्या खिडकीत बसवलं. भिंगरीबरोबर आत जायला नंतर कुणीच तयार होईना. ज्याला विचारावं त्याची नेमकी पाठ दुखत असे.

मग ताईनंच हट्ट करून त्याला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. लहानपणापासून असणार तुम्हाला. ज्याला लोक धाडस म्हणतात ना, ते धाडस नाही. तुमच्या मेंदूला थराराची भूक आहे आणि ब्रेक उशिरा लागतो. अशा माणसांना कामावर इजा जास्त होतात."

सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला स्वतःचा पत्ता लागला. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. कुणाला सांगावं म्हटलं तर डोळ्यांसमोर तात्याच आला. दुसऱ्या दिवशी तो स्टोअरच्या खिडकीशी गेला. तात्यानं ग्रीसचा डबा पुढे सरकवला आणि खिडकी लावून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली सकाळची गोळी सुरू झाली आणि भलतंच घडलं. रुळांसमोर उभं राहिल्यावर त्याला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा. इतकी वर्षं आपण यात हात घालत होतो? फोरमन मात्र वैतागला. "काय भिंगरी, थंड पडलास? हे बघ, आता आणखी एक चूक झाली ना, तर मशीनवरून खाली. आवारात झाडू मारायचा." मशीनशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही उरलंही नव्हतं.

त्या शुक्रवारी दुपारी मशीनमधली गोंदाची टाकी साफ करायला तो एकटाच आत गेला. कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यानं स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तीनदा चाचपली. लक्ष हलू नये म्हणून फोनचा आवाजही बंद केला. काम चोख झालं. तो बाहेर आला. आता फक्त कुलूप काढायचं होतं. पण एव्हाना गोळीचा जोर ओसरला होता. तेवढ्यात तीनची घंटा झाली, माणसं दाराकडे निघाली, आणि त्यांच्याबरोबर हाही.

सव्वाचारला घरी त्यानं फोन पाहिला. एकतीस मिस्ड कॉल. वर्षभरात त्याला एवढे फोन आले नव्हते. हात आपोआप खिशात गेला. किल्ली!

तो धावत सुटला. शिव्यांची लाखोली ऐकायची तयारी ठेवूनच कारखान्यात शिरला, तर आत सामसूम. दुसऱ्या पाळीची सगळी माणसं बंद मशीनभोवती उभी, हातांत बॅटऱ्या. एकानं त्याला पाहिलं आणि वाकून मशीनच्या आत ओरडला, "तात्या, या बाहेर! भिंगरी सापडला!"

त्याला काही कळेना.

"कुलूप तुझं, फोन तू उचलत नाहीस," फोरमनचा आवाज घोगरा झाला होता. "म्हणजे माणूस आतच! तासभर शोधतोय तुला. तात्या स्टोअरमधून आले ते सरळ आतच शिरले, बाहेर यायला तयार नाहीत."

त्यानं स्विचकडे पाहिलं. कुलपं दोन होती. एक त्याचं. शेजारी तात्याचं, काळ्या केसांच्या जुन्या फोटोचं.

तात्या कोपरावर सरपटत बाहेर आला, गोंदानं माखलेला. सात महिने भिंगरीनं वाक्यं जुळवली होती, आजाराच्या नावासकट. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"तात्या, मी लावलं होतं. आठवणीनं लावलं होतं."

"दिसलं मला," तात्या म्हणाला. "हाका मारत होतो. ओ नाही आली तुझी."

"आणि काढायचं कुणी?" फोरमन कडाडला. "सोमवारपासून मशीनला हात लावायचा नाही."

त्यानं मान हलवली. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

"माझी किल्ली खिशात आहे," तात्या म्हणाला. "एका हाताला गोंद, दुसरा वळत नाही. तेवढी काढ."

भिंगरीनं ती काढून त्याच्या डाव्या हातात दिली. कुलूप तात्यानं स्वतःच काढलं, नियमाप्रमाणे. मग यानं आपलं काढून फोरमनच्या हातात ठेवलं.

फोरमननं स्विच चालू केला. रूळ फिरले आणि दोघंही एकदमच एक पाऊल मागे सरले.